नवतपा लागायच्या आत: कळमना ते महाल लिंकची तयारी

नागपुरात कूलर लागले की कळमन्यातल्या गोदामाच्या शटरवरचा आमचा सेन्सर मुका व्हायचा. शटर उघडं की बंद, हे तो एन्क्रिप्ट करून, म्हणजे गुप्त लिपीत, रेडिओवरून महालातल्या रिसीव्हरला कळवतो. दोन उन्हाळे मी रेडिओतल्या नॉइजवर खापर फोडलं, महालातल्या गच्चीवरचा अँटेना दोनदा उंच केला. शेवटी कळलं, संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, नोड (सेन्सरचा डबा) रिस्टार्ट व्हायचा आणि प्रत्येक पॅकेटला, म्हणजे संदेशाला, चढता क्रमांक देणारा काउंटर शून्यावर यायचा. जुना आकडा दिसला की रिसीव्हर पॅकेट टाकून द्यायचा. त्याचं बरोबरच होतं म्हणा. कालचं ‘शटर बंद’ कोणी रेकॉर्ड करून आज परत सोडलं तर?

म्हणून यंदा पहिलं काम काउंटरचं. दर पॅकेटला फ्लॅशवर लिहायचं नाही, फ्लॅश झिजते. शंभरचा पुढचा टप्पा आधीच लिहून ठेवायचा आणि वीज जाऊन आली की थेट तिथून मोजायचं. मधले आकडे वाया गेले तर जाऊ द्या. पण एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या काउंटर मोडमध्ये त्याच कीवर (गुप्त किल्लीवर) तोच आकडा पुन्हा वापरला, तर दोन्ही संदेशांचा एक्सऑर, म्हणजे त्यांच्यातला बिटाबिटाचा फरक, चोरून ऐकणाऱ्याच्या हाती पडतो.

आकडा प्रत्येक पॅकेटमध्ये उघडाच पाठवा. दोन्ही टोकं मनातल्या मनात मोजत बसली, तर एक पॅकेट हरवलं की पुढचा सगळा कचरा. पॅकेटमध्ये जागेची तंगी असेल तर लोरावॅनसारखं (लांब पल्ल्याच्या सेन्सर-रेडिओंचं एक मानक) करा: काउंटर ३२ बिटांचा, हवेत जातात खालचे १६, वरचे रिसीव्हर जुळवतो. आकडा पुढे उडी मारून आला तरी चालवून घ्या, मागचा आला तर नाही. आणि पॅकेटचा ऑथेंटिकेशन कोड (पॅकेट खरं आहे याची खूण) जुळल्याशिवाय रिसीव्हरने स्वतःचा आकडा हलवायचा नाही, नाहीतर एखादं खोटं पॅकेट त्याला भलतीकडे नेऊन बसवेल आणि खरी सगळी जुनी ठरतील.

वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करणारं एरर करेक्शन एन्क्रिप्शननंतर लावा, आधी नाही.

एन्क्रिप्शनची की वेळेवरून बदलत असाल तर घड्याळ बघा. घड्याळाचा ३२.७६८ किलोहर्ट्झचा साधा क्रिस्टल २५ अंशांवर नीट चालतो. पत्र्याचा डबा ६० अंशांवर गेला की दिवसाला साडेतीन सेकंद मागे पडतो. डबा सावलीत लावा, दोन्हीकडच्या घड्याळांत थोडा फरक पडला तरी चालेल अशी सवड ठेवा.

आपल्या लिंकच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये फास्टॅगचे रीडरही बोलतात, तेव्हा एक चाचणी टोलनाक्याजवळ घ्या. दुसरी गोदामातच, संध्याकाळी सातला, आजूबाजूचे कूलर सुरू असताना, मेन स्विच दहा वेळा खाली-वर करून.