सिंक अडकलं? आधी पत्ता बघा, मग नाव

नौपाड्यात माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या ड्राइव्हवर, राहतात आणि सिंकचं सॉफ्टवेअर संगणकावरच्या व नॅसवरच्या फाइल सारख्या ठेवतं. जुलैत एका दुपारी वीज गेली, तासाभराने आली, आणि संध्याकाळी त्याचा फोन: “दादा, लग्नाचे फोटो नॅसवर चढेनात. सिंकचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू का?”

काढू नका. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर धडधाकट असतं. त्याला ड्राइव्हचा पत्ता सापडत नसतो, नाहीतर एखाद्या फाइलचं नाव पचत नसतं.

१. सिंक थांबवा

पॉज करा, मगच बाकीचं. वीज आल्यावर नॅसमधली डिस्क नीट जोडली गेली नाही, तर कधी फोल्डर दिसतं पण रिकामं. दोन्हीकडच्या फाइल सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर यावरून ‘मालकाने सगळं पुसलं’ असा अर्थ काढू शकतं आणि संगणकावरचंही पुसायला घेतं. काही सॉफ्टवेअर आधी विचारतात, पण त्या भरवशावर कुणाच्या लग्नाचा अल्बम ठेवू नये. पुसलेल्या फाइल काही दिवस राखणारं व्हर्जनिंग चालू आहे का, तेही बघा.

२. पत्ता तपासा

वीज गेली की राउटर आणि नॅस दोन्ही बंद पडतात, आणि परत आल्यावर राउटर पत्ते नव्याने वाटू शकतो. भावाचा नॅस १९२.१६८.१.१२ वरून १९२.१६८.१.१७ वर गेला होता. सिंक जुनंच दार ठोठावत होतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे आजचा पत्ता मिळेल. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो टाका. फोल्डर उघडलं, तर सिंकमध्येही तोच पत्ता भरा आणि राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून नॅसच्या नावे कायम राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. टाळलंत तर पुढच्या पावसात हाच लेख पुन्हा वाचाल.

सिंकला पत्त्याऐवजी ‘झेड’ सारखं ड्राइव्हचं अक्षर दिलं असेल, तर आणखी एक गोम: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या सॉफ्टवेअरला ते अक्षर सहसा दिसतच नाही.

३. पासवर्ड

नॅसचा पासवर्ड बदलला असेल, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (तिथे साठवलेले पासवर्ड असतात) जुनी नोंद काढून पुन्हा लॉगिन करा. नॅस फार जुना असेल, तर तो एसएमबी १ वर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतीवर, अडलेला असू शकतो. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता, त्यामुळे विंडोजमध्ये ते चालू करायच्या फंदात पडू नका. नॅसच्याच सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडा.

४. नावं

पत्ता सुधारल्यावर भावाचं बहुतेक काम धडाधड गेलं, पण काही फाइल हटून बसल्या. यादी पाहिली, तर सगळ्यांची नावं लांबलचक आणि मराठीत.

बहुतेक नॅसच्या पोटात विंडोज नव्हे, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि तिथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘वऱ्हाड’ दिसायला तीन अक्षरं, पण आत सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोज मात्र २५५ चिन्हांपर्यंत कुरकुर करत नाही, म्हणून फाइल संगणकावर बनते आणि नॅसवर अडते. काही नॅसवरच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइटवर येते.

‘वऱ्हाड’ मधला ऱ आणखी एक खेळ करतो. तो एकसंध चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा जोडूनही. जुन्या मॅकची डिस्क दुसरी पद्धत वापरते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण नॅसला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि एकाच नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी उभी राहतात. फाइल तपासून एकात आणा आणि दुसरं काढा.

५. पुन्हा सुरू करताना

नॅसचं घड्याळ बघा. ते मागे पडलं असेल, तर ‘नवी फाइल कुठली’ हा हिशेबच चुकतो. मग एका छोट्या चाचणी फोल्डरचं सिंक करा, दोन्हीकडे फाइल आल्या की बाकीचं सोडा.

सगळं चालतंय पण सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जात नाही? गिगाबिट वेगाला नेटवर्क केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तुटली की वेग १०० मेगाबिटवर येऊ शकतो. भावाची केबल टेबलाच्या पायाखाली चेपलेली निघाली.