घराचं इन्सुलेशन निवडताना: आधी ओल बघा, मग लेबल

इन्सुलेशनच्या, म्हणजे घरातून उष्णतेची ये-जा अडवणाऱ्या थराच्या, दुकानात जाण्याआधी एक उदबत्ती पेटवा. वारा असेल त्या दिवशी ती खिडकीच्या चौकटीजवळ, दाराखालच्या फटीपाशी, भिंतीतून पाइप बाहेर जातो तिथे आणि पोटमाळ्याच्या झाकणाभोवती सावकाश फिरवा. धूर सरळ वर न जाता तिरका पळाला, की तिथे फट आहे. आधी या फटी बुजवा. वारा शिरत असेल तर भिंतीवरचा जाड थर नुसता शोभेचा.

मग ओल. भिंतीला पोपडे आले असतील किंवा छत गळत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत इन्सुलेशनचं नाव काढू नका. हा माल काम करतो तो त्यात अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. पाणी अशा हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. भिजलेला थर म्हणजे पैसे घालून विकत घेतलेली बुरशी.

घर जुनं असेल आणि पोटमाळ्यावर तपकिरी, चमकदार, अभ्रकासारखे हलके कण पसरलेले दिसले, तर झाडू मारू नका, व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे इन्सुलेशनसाठी वापरलं गेलेलं एक खनिज, असू शकतं. अमेरिकेतल्या लिबी इथल्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस होतं, ज्याचे तंतू श्वासातून आत गेले तर कॅन्सर होऊ शकतो. ती खाण 1990 मध्ये बंद झाली, पण तिथला माल घराघरांत पडून आहे. जाणकाराकडून तपासून घ्या.

आता मालाकडे. पाकिटावर उष्णतावाहकतेचा आकडा असतो, तो जितका कमी तितका माल चांगला. सेल्युलोज (कागदाचा भुगा), ग्लासवूल (काचेचे तंतू), लाकडाच्या तंतूंचे बोर्ड, बूच हे सगळे साधारण 0.035 ते 0.045 (वॅट प्रति मीटर-केल्व्हिन) मध्ये बसतात, पॉलियुरेथेन फोम 0.025 च्या आसपास. म्हणजे 0.040 वाल्या मालाचा 10 सेंमी थर जे काम करतो, ते फोम सव्वासहा सेंमीत करतो. जागा असेल तर पर्यावरणाला सोसणारा माल कुठेच कमी पडत नाही, थर फक्त थोडा जाड लागतो.

कोरड्या पोटमाळ्यासाठी मी डोळे झाकून सेल्युलोज निवडेन. तो म्हणजे बहुतांशी रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा. त्यात आग आणि कीड रोखणारं बोरेट (बोरॉनचा क्षार) मिसळलेलं आहे का, एवढं मात्र विचारा. काही मालात त्याऐवजी अमोनियम सल्फेट असतं. ते ओल लागली की वास मारतं आणि धातू गंजवतं. भुगा कालांतराने खाली बसतो, म्हणून सुरुवातीलाच थोडा जास्त भरून घ्या.

धुराड्याजवळ रॉकवूलच, म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. ते 1000 अंश सेल्सिअसच्याही वर तग धरतं. ग्लासवूलने कॅन्सर होतो ही भीती जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2001 मध्ये इन्सुलेशनसाठी वापरलं जाणारं ग्लासवूल आणि रॉकवूल 'कर्करोगजन्य ठरवता येत नाही' अशा गटात टाकलं. खाज मात्र खरीच, तेव्हा मास्क, हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. तंतू एकत्र चिकटवणारा बाइंडर मात्र फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाशिवायचा मागा.

मातीला टेकलेल्या पायाच्या भिंतीपाशी कागद किंवा लोकर टिकत नाही. तिथे फोमचे कडक बोर्ड घ्यावे लागतात, आणि खरी चौकशी इथेच करायची असते. फोम फुगवायला कोणता वायू वापरलाय? एचएफसी-134ए हा फ्लोरिनयुक्त वायू असेल तर तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त तापमान वाढवतो. त्याच्या जागी वापरला जाणारा नवा वायू, एचएफओ, त्यामानाने फारच सौम्य. आगरोधक म्हणून एचबीसीडी असलेला जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. स्टॉकहोम करारात, म्हणजे निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, 2013 मध्ये त्याचा यादीत समावेश झाला.

स्प्रे फोम मारताना त्यातलं आयसोसायनेट हे रसायन हवेत उडतं आणि त्याने दमा जडू शकतो. कंपनीने सांगितलेली मुदत संपेपर्यंत मुलाबाळांसह बाहेर राहा. 'लगेच आत या, काही होत नाही' म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

शंका असलेल्या कोणत्याही मालाचा तुकडा काचेच्या बरणीत झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी उघडून वास घ्या. वास नाही म्हणजे माल सुरक्षितच, असं नव्हे. पण नाक मागे घ्यावं लागलं तर तो माल झोपायच्या खोलीत नको.

काम सुरू झालं की वायरींवर लक्ष ठेवा. पीव्हीसीचं आवरण थर्माकोलला चिकटून राहिलं तर हळूहळू कडक होऊन तडकतं, आणि इन्सुलेशनखाली दबलेली वायर जास्त तापते. शेवटी मालाच्या लेबलचा फोटो काढून मीटरच्या पेटीत डकवा. दहा वर्षांनी भिंत फोडणाऱ्याला आत काय आहे ते कळेल.