या चुका टाळा: क्लेमवाल्या वकिलांचे ‘अपडेट’ राहण्यातले घोळ

आपल्याकडे सनद मिळाली, बार कौन्सिलची परीक्षा एकदा पास झाली की पुढं आयुष्यभर कोणी विचारत नाही, वकीलसाहेब नवीन काय वाचलंत म्हणून. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठरावीक तासांचं शिक्षण झालं नाही तर लायसन्स अडकतं, इथं सगळा मर्जीचा मामला. तरी लोक शिकत नाहीत असं नाही हं, वेबिनार जॉइन करतात, म्यूट करून दुसऱ्या केसचं ड्राफ्टिंग करत बसतात, शेवटी आलेलं सर्टिफिकेट स्टेटसला टाकतात. आणि ट्रिब्युनलसमोर, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासमोर, उभे राहिले की परत तेच घोळ. मोटार अपघाताचे क्लेम आणि दिवाणी दावे चालवणाऱ्यांसाठी लिहितोय.

दुसऱ्याचा तक्ता जपून ठेवणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माणसाचं नुकसान होतं आणि वकिलाला कळतही नाही. कुठल्यातरी सेमिनारमध्ये नुकसानभरपाईचा एक पानी तक्ता मिळतो, तो मोबाईलमध्ये जातो, मग ज्युनिअरकडे, मग त्याच्या ज्युनिअरकडे. तक्ता कुठल्या सालचा हे कोणी बघत नाही.

एकदा एक आई आणि तिचा धाकटा मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आले. थोरला मुलगा अपघातात गेलेला, वय २४, लग्न झालेलं नाही, स्वतःचं फॅब्रिकेशनचं काम, उत्पन्न महिना १५,००० पुराव्यात आलेलं. लोकअदालतीत ९ लाखांत तडजोड झाली होती आणि नंतर कोणीतरी सांगितलं की कमी मिळाले, म्हणून विचारायला आलेले की अपील होईल का. फाईलमध्ये आधीच्या वकिलांचा हिशोबाचा कागद होता, त्यांनी वर्षाचे १ लाख ८० हजार धरले, अविवाहित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचे निम्मे वजा केले, राहिले ९० हजार, आणि मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे लावायचा गुणक, लावला ११. अकरा कशाला तर आईचं वय ५२ म्हणून. झाले ९ लाख ९० हजार, त्यातून थोडं खाली येऊन ९ लाखांवर सही.

आता खरा हिशोब बघा. सुप्रीम कोर्टाचा प्रणय सेठीचा निकाल ३१ ऑक्टोबर २०१७ चा, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, आणि हा अपघात त्याच्या नंतरचा. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, म्हणजे वर्षाचे २ लाख ५२ हजार. निम्मे वजा, १ लाख २६ हजार. आणि मल्टिप्लायर मृताच्या वयाचा, आईच्या नाही, हे मुन्नालाल जैनच्या निकालात २०१५ लाच आलं आणि प्रणय सेठीत पक्कं झालं. २४ व्या वर्षाला सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात १८. गुणाकार करा, २२ लाख ६८ हजार. वर अंत्यविधी वगैरेचे वेगळेच.

तडजोडीत थोडं खाली यावं लागतं, मान्य आहे, पण २२ वरून खाली येणं वेगळं आणि जेमतेम दहावरून खाली येणं वेगळं. समोर विमा कंपनीचा माणूस बसलेला असतो, त्याला आजचा हिशोब तोंडपाठ असतो, तो कशाला तुमची बेरीज दुरुस्त करेल. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हीच केस निकालाला गेली असती तर चुकीचा आकडा मागूनही कदाचित निभावलं असतं, कारण न्याय्य भरपाई ठरवणं हे ट्रिब्युनलचं काम आहे आणि मागितल्यापेक्षा जास्तही देता येते, नागप्पाच्या निकालापासून ते स्पष्ट आहे. लोकअदालतीच्या निवाड्याला मात्र विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अपील नाही. फसवणूक वगैरे असेल तर हायकोर्टात रिट अर्जाचा दरवाजा थोडासा उघडा असतो, पण आमच्या वकिलांचा हिशोब चुकला हे कारण तिथं चालत नाही. त्या माउलीला हे सांगताना काय वाटलं ते सोडा.

माझी सवय सांगतो, तक्ता मी कोणाचाही ठेवत नाही. प्रत्येक क्लेमला कोऱ्या कागदावर पेनाने हिशोब, शेजारी निकालाचं नाव आणि साल, आणि तडजोडीच्या आदल्या दिवशी तोच हिशोब पुन्हा पहिल्यापासून. ज्युनिअर हसतात, म्हणतात सर ॲप आहे. असू दे. ॲपमध्ये आकडा मिळतो, तो कुठून आला ते न्यायाधीशांनी विचारलं की ॲप उत्तर द्यायला उभं राहत नाही. याच प्रणय सेठीत असंही आहे की अंत्यविधी, इस्टेटीचं नुकसान आणि कन्सॉर्टियम, म्हणजे गेलेल्या माणसाचा तुटलेला सहवास, यांच्या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायच्या, कन्सॉर्टियमच्या ४०,००० चे २०२३ मध्ये ४८,४०० झाले, आणि २०१८ च्या मॅग्मा निकालानंतर कन्सॉर्टियम फक्त बायकोचं नाही, आईबाप आणि मुलांचंही. तरी अजून लोक ४०,००० एकदाच लिहून मोकळे.

डॉक्टरांचा टक्का तसाच उचलणं

सर्टिफिकेटवर ४० टक्के अपंगत्व, म्हणून कमाईचं नुकसान ४० टक्के, असं सरळ लिहितात. २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार सगळे सायटेशनमध्ये, म्हणजे दाखला दिलेल्या निकालांत, टाकतात, वाचलेला किती जणांनी असतो देव जाणे. त्यात सरळ उदाहरण आहे, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ संपते, सरकारी क्लार्कची नोकरी कदाचित तशीच चालू राहते. म्हणजे टक्का एका अवयवाचा की पूर्ण शरीराचा हे आधी डॉक्टरांकडून काढायचं आणि मग अर्जदार काय काम करत होता, आता त्यातलं काय जमत नाही, हे त्याच्या साक्षीत आणायचं. प्रतिज्ञापत्रात “मला खूप त्रास होतो” लिहून काही होत नाही. मी अर्जदाराला समोर बसवून त्याचा कामाचा पूर्ण दिवस सांगायला लावतो, सकाळी उठल्यापासून, तासभर जातो पण उलटतपासात तो माणूस हलत नाही. नवीन मुलांना हा तासच द्यायचा नसतो, त्यांना तयार फॉर्मॅट पाहिजे.

“क्लेमला मुदत नसते”

नसायची, १९९४ च्या दुरुस्तीपासून. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३) परत आलं, अपघातापासून सहा महिने. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे मलाही माहीत आहे, पण त्या भरवशावर फाईल कपाटात ठेवणाऱ्याला मी काय म्हणू. २०२२ ला लागू झालेल्या त्याच दुरुस्तीत चूक सिद्ध न करता भरपाई देणारं १६३-अ पण गेलं, आता त्याजागी १६४ आहे, मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. जुन्या अर्जावर नाव बदलून नवीन अर्ज करणाऱ्यांनी निदान कलमं तरी बघा.

सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह नुसताच दाखल करणं

अर्जुन खोतकरांच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगून झालं की कॉपी दाखल करताय तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट लागणारच. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि फॉर्मचे दोन भाग झालेत, दुसरा तज्ज्ञाचा, शिवाय हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लिहायची. जुनाच ६५-ब चा नमुना जोडलेला मी अजून बघतो. आणि फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा पक्षकार पहिल्यांदा आला त्याच दिवशी दुकानदाराला लेखी पत्र द्या, वकीलपत्राची सही नंतर घ्या.

एआयकडून सायटेशन घेणं

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये, तीही गुडघ्याच्या दुखापतीचीच केस, वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तेव्हा आपल्याकडे लोक हसले होते, आता तेच लोक तेच करतात. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निकाल डिजिटल एससीआरवर, म्हणजे कोर्टाच्या स्वतःच्या निकालसंग्रहाच्या साइटवर, फुकट आहेत, पूर्ण निकाल उघडा, तुमचा परिच्छेद शोधा, त्याच्या मागचा आणि पुढचा पण वाचा. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वरचा सारांश, वाचून युक्तिवाद करू नका, समोरचा वकील पूर्ण निकाल वाचून आलेला असला तर फजिती होते.

बाकीचे पटापट.

एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ असताना अर्जात जुन्या आयपीसीचं ३०४-अ लिहू नका.

साध्या दाव्यातली कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, ९० दिवसांची मुदत आणि कमर्शियल दाव्यातले १२० दिवस एकच समजू नका, दुसऱ्यात एक दिवसही वाढवून मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्राचं दिवाणी प्रक्रिया संहितेतलं ९-अ, कोर्टाच्या अधिकाराचा मुद्दा आधी ठरवायचं कलम, २०१८ मध्येच गेलं, त्याखाली अर्ज देणं बंद करा.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलं, विमा कंपनीने लायसन्सचा बचाव घेतला की घाबरून तडजोडीला पळू नका, आधी आरसी बुकवरचं वजन बघा.