वळणावर आरसा लावायचाय? आधी सुतळी घ्या

आमच्या वाड्यावर, गोव्यात फोंड्याच्या बाजूला, एक वळण आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणं, वर फणसाची फांदी आलेली, समोरून काय येतंय ते अगदी अंगावर आल्याशिवाय कळत नाही. गेल्या पावसात तिथे माझी स्कूटर आणि पोदेराची (पाववाल्याची) सायकल समोरासमोर आली, पाव वाचले, माझा गुडघा वाचला नाही. मग ठरलं की आरसा लावायचाच. तो लावताना आम्ही दोनदा चुकलो, म्हणून हे लिहितोय. (रस्त्याच्या जागेत लावणार असाल तर पंचायतीत विचारून घ्या, स्वतःच्या आवारात असेल तर प्रश्न नाही.)

पहिल्यांदा आम्ही जुन्या कपाटाचा सपाट आरसा काढून खांबाला बांधला. चौघेजण खाली उभे राहून "थोडा डावीकडे, नाही रे, उजवीकडे" असं अर्धा तास चाललं, आणि शेवटी आरशात दिसलं काय, तर शेजारच्यांची माडी. दहावीत घोकलेला नियम कुणालाच आठवला नाही. आरशावर प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, पण कोन मोजायचा तो आरशाच्या काचेपासून नाही, काचेला काटकोनात उभी केलेली जी रेघ असते तिच्यापासून. पुस्तकात तिला स्तंभिका म्हणतात. म्हणजे येणारा किरण आणि जाणारा किरण यांच्या बरोब्बर मध्ये ती रेघ यायला हवी, बाकी काही नाही.

तर हे असं करा. जिथे आरशाचा मध्य येणार तिथे दोन सुतळ्या बांधा. एक ताणून न्या जिथे तुमचे डोळे असतात तिथपर्यंत, म्हणजे स्कूटरवर बसल्यावर जेवढी उंची होते तेवढी धरा, उभ्याची नको. दुसरी न्या रस्त्याच्या त्या जागी जे तुम्हाला दिसायला हवंय. आता दोन्ही सुतळ्यांवर आरशापासून सारख्याच अंतरावर, समजा 2 मीटरवर, गाठ मारा. दोन गाठींच्या मधोमध जो बिंदू येतो त्याच्याकडे आरशाचं तोंड करा. झालं. उंचीचा हिशेब यात आपोआप येतो, म्हणून आरसा किती खाली झुकवायचा ते वेगळं शोधावं लागत नाही. रात्री एकाने दूर टॉर्च धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने आपल्या जागेवरून बघायचं, टॉर्च आरशाच्या मधे दिसला की पक्कं. आणि हो, तुम्हाला तो दिसला तर त्यालाही तुम्ही दिसता, प्रकाशाची वाट दोन्हीकडून एकच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट किरण फिरतो. वाऱ्याने खांब फक्त 5 अंश वळला तर किरण 10 अंश सरकतो आणि 15 मीटरवर ते जवळजवळ अडीच मीटरच्या वर जातं, म्हणजे रस्ता सोडून कुंपणच दिसणार. म्हणून क्लॅम्प घट्ट लावा, तारेवर काम भागवू नका. आमच्याकडे जूनमध्ये हेच झालं.

सपाट आरसा नीट बसवला तरी त्याची अडचण वेगळी, दिसतं फार कमी. सपाट आरसा म्हणजे भिंतीला पाडलेली खिडकी समजा, वस्तू जेवढी पुढे तेवढीच मागे दिसते, आकारही तोच, पण खिडकीएवढंच. (अंग पूर्ण बघायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो तो यामुळेच, साडेपाच फुटांच्या माणसाला 33 इंच, आणि मागे सरकून जास्त दिसत नाही, घरी करून बघा.)

दुसऱ्यांदा माझा मावसभाऊ दाढीचा मोठा गोल आरसा घेऊन आला, म्हणे गोल तो गोल, वळणावर असतो तसाच. लावला, लांबून बघितलं तर बस उलटी, चाकं वर! तो अंतर्गोल होता, चमच्याच्या आतल्या बाजूसारखा. जवळ गेलं की चेहरा मोठा आणि सरळ, पण नाभीच्या, म्हणजे लांबून आलेले किरण आरशावरून परतून जिथे एकत्र येतात त्या बिंदूच्या, पलीकडे गेलं की चित्र उलटं. नाभी मोजायची असेल तर आरसा खिडकीकडे तोंड करून धरा आणि समोर एक छोटा पांढरा कागद पुढेमागे करा, एका जागी बाहेरचा माड कागदावर उलटा आणि स्पष्ट उमटतो, ते अंतर म्हणजे नाभीय अंतर. आमच्या आरशाचं 40 सेंटीमीटर भरलं. त्याच्या दुप्पट ही वक्रतेची त्रिज्या, म्हणजे आरसा ज्या मोठ्या गोळ्याचा तुकडा आहे त्या गोळ्याची त्रिज्या. हा आरसा उन्हात मुळीच टांगू नका, भावाने नाभीपाशी सुकं पान धरलं आणि थोड्याच वेळात धूर निघाला, लहान पोरं असतील तर आणखीनच जपा.

वळणाला लागतो तो बहिर्गोल, चमच्याची पाठ. नियम तोच, पण पृष्ठभाग फुगलेला असल्यामुळे प्रत्येक ठिकाणची ती काटकोनातली रेघ वेगळ्या दिशेला जाते, म्हणून एकाच आरशात रस्त्याचा केवढा तरी मोठा तुकडा मावतो. सुतळीची युक्ती इथेही चालते, फक्त ती आरशाच्या मधल्या बिंदूसाठी धरा. चित्र सरळ असतं पण बारीक, आणि गोम इथेच आहे. समजा आरशाच्या वक्रतेची त्रिज्या 3 मीटर, म्हणजे नाभीय अंतर दीड मीटर. 30 मीटरवरची स्कूटर आरशात 21 पट लहान दिसते, 15 मीटरवर आली की 11 पट लहान. पण तिचं प्रतिबिंब आरशाच्या मागे 143 सेंटीमीटरवरून 136 वर आलं, एवढंच! स्कूटर 15 मीटर पुढे आली आणि चित्र जेमतेम 7 सेंटीमीटर हललं. म्हणून बहिर्गोल आरशात बघून "अजून लांब आहे" असं म्हणायचं नाही, काही दिसलं की थांबायचं. काही गाड्यांच्या आरशावर वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही.

घेताना काचेचा घेऊ नका, पॉलीकार्बोनेटचा घ्या. आपल्या दमट हवेत काचेच्या मागचा मुलामा कडेकडेने काळा पडत जातो. पुसायला ओला मऊ कपडा, काथ्या नको, ओरखडे पडले की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि चित्र धुरकट होतं. आणि लावल्यावर सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला एकदा जाऊन बघा, ऊन कुणाच्या डोळ्यात तर जात नाही ना.

आमचा पोदेर अजून त्या वळणावर पोंय-पोंय करतोच, आणि करू दे, सकाळी सहाला आरशावर दंव असतं.