वंशावळ नातेवाइकांना पाठवण्याआधी

वंशावळीची दोन रूपं ठेवा: एक संपूर्ण, फक्त तुमच्याकडची, दुसरी वाटण्यासाठी. हयात माणसांची जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर दुसरीत नकोच. नुसतं ‘हयात’ लिहिलं तरी फांदी कळते. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख हे बँकेचे नेहमीचे सुरक्षा-प्रश्न, हे विसरू नका.

वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीची फाइल) बनवताना हयात व्यक्तींचा तपशील वगळायची सोय असते. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. मृत्यूची नोंद नसलेली व्यक्ती हयात की मृत, हे सॉफ्टवेअर अंदाजानेच ठरवतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर साधारण 110 वर्षांचा निकष आहे: जन्माला तेवढी वर्षं झाली नसतील तर व्यक्ती हयात धरतात. शिवाय खरी गळती होते ती टिपांमधून. आजोबांच्या नोंदीखालच्या टिपेत ‘धाकटी मुलगी घटस्फोटानंतर इथेच राहते’ असं वाक्य असतं, आणि ती मुलगी हयात असते! त्यामुळे तयार झालेली फाइल एकदा स्वतः उघडून वाचाच. फोटोंचंही तेच, मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती दडलेली असू शकते.

दत्तक, आजारपण, मोडलेली लग्नं यांबद्दल ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय काही पाठवू नये. डीएनए चाचणीतून निघालेलं तर नाहीच. कुणी नंतर ‘माझं नाव काढा’ म्हणालं, तर कारण न विचारता काढावं. मात्र एकदा गेलेली फाइल परत येत नाही, म्हणून मी पहिल्यांदा जेडकॉम न देता फक्त पीडीएफ पाठवतो.