जुना हिंदी सिनेमा अख्खा कसा शोधायचा आणि चारचौघांना कसा दाखवायचा

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी एक जुना हिंदी सिनेमा दाखवते. प्रेक्षक बहुतेक सत्तरीच्या पुढचे, अधूनमधून सुट्टीला आलेली नातवंडं. सिनेमाचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यात काय शोधायचंय, यूट्यूबवर आहे की!" असतो, खरंच असतो. पण तिथल्या कितीतरी प्रतींमध्ये एखादं गाणं उडालेलं असतं, माणसांची डोकी कापलेली असतात, नाहीतर शेवट घाईघाईत गुंडाळलेला असतो. ज्यांनी तोच सिनेमा ऐन विशीत टॉकीजमध्ये पाहिलाय त्यांच्या हे लगेच लक्षात येतं. "अगं, इथे एक गाणं होतं," असं कुणी म्हणालं की मला फार लागतं. म्हणून सिनेमा ठरवण्यापेक्षा त्याची प्रत ठरवायला मी जास्त वेळ देते. ती कशी ठरवायची, ते सांगते.

आधी नेमका सिनेमा कोणता, ते बघा

फर्माईश क्वचितच नावानिशी येते. बहुतेकदा एखाद्या गाण्याची ओळ येते, तीही मधलीच. ओळीवरून गाणं आणि गाण्यावरून सिनेमा आता इंटरनेटवर पटकन सापडतो, पण त्या सिनेमात एकूण गाणी किती आणि कोणती, याची खात्रीची यादी हवी असेल तर कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ बघा. एका माणसाने ध्यास घेऊन केलेलं हे काम आहे. १९३१ पासूनचे सिनेमे, दशकादशकाचे खंड, प्रत्येक सिनेमाची गाणी, गायक, गीतकार, संगीतकार. मोठ्या ग्रंथालयात किंवा रेकॉर्ड जमवणाऱ्या एखाद्या हौशी माणसाकडे तो मिळतो. गाण्यांची यादी वहीत उतरवून घ्या, पुढे प्रत तपासताना तीच हाताशी लागते. मात्र रेकॉर्डवर आलेलं प्रत्येक गाणं पडद्यावर आलेलं असतंच असं नाही. एक गाणं कमी दिसलं म्हणून लगेच प्रत टाकून देऊ नका, दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा.

नावाबरोबर साल आणि नायकाचं नाव टाकूनच शोधा. हिंदीत ‘देवदास’ १९३६ चा आहे, १९५५ चा आहे आणि २००२ चाही आहे. आपल्याकडे आणखी एक गंमत होते. प्रभातचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी असे दोनदा चित्रित झालेत, म्हणजे ते डब केलेले नाहीत. शांतारामबापूंचा १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ आहे, दोन्हींत शांता आपटे आणि केशवराव दाते. आमच्या मंडळींना मी दोन्ही लागोपाठच्या महिन्यांत दाखवले, आणि त्यावर झालेल्या गप्पा सिनेमापेक्षा लांबल्या. जमलं तर तुम्हीही तसंच करा.

लांबी कशी तपासायची

हा भाग जरा निवांत वाचा, सगळी मेख इथे आहे.

माझे सासरे, अप्पा, मिरजेच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सिनेमा किती वाजता सुटणार हे ते सेन्सॉरचं प्रमाणपत्र वाचून सांगत. पडद्यावर सुरुवातीला क्षणभर दिसणारा तो कागद आपण सगळे दुर्लक्षित करतो. तिथे व्हिडिओ थांबवा आणि नीट वाचा. सिनेमाचं नाव, भाषा, प्रमाणपत्राची तारीख, रिळांची संख्या, आणि लांबी मीटरमध्ये, जुन्या कागदावर फुटांमध्ये. ३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट, मीटरमध्ये साधारण २७.४. कागदावर ४,००० मीटर लिहिलं असेल तर भागाकार करा: १४६ मिनिटं. आणि तुमच्या समोरची प्रत १२८ मिनिटांची असेल, तर १८ मिनिटं कुठेतरी गेलीत. दोन-तीन गाणी आणि एखादा प्रसंग एवढ्यात सहज जातो.

कागदावरची तारीखही बघा. सिनेमा पन्नाशीच्या दशकातला आणि प्रमाणपत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी दिलेलं, असं असेल तर ती लांबी मागाहून आखूड केलेल्या प्रतीची असू शकते. कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर सेन्सॉरने सिनेमात काटछाट करायला लावली होती असं समजायचं. ती काटछाट सगळ्यांच्याच वाट्याला आलेली असते, तिच्यासाठी दुसरी प्रत शोधत बसू नका.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, नाहीतर चांगली प्रत हातची जाईल. आपल्याकडच्या टीव्हीची आणि व्हीसीडीची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची होती. २४ चौकटींचा सिनेमा त्या वेगाने चढवला की १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो. त्यात गेलेलं काहीच नसतं. ओळखायची खूण म्हणजे गाणी मूळ रेकॉर्डपेक्षा पट्टीत थोडी वर लागतात. आमच्या हॉलमध्ये एक आजी गायनाच्या शिक्षिका होत्या, त्या पहिल्याच आलापाला मान हलवून सांगतात, "वर लागलंय." लांबीतला फरक शंभरात चाराच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. त्यापेक्षा जास्त असेल तर कात्री लागलीय.

कात्री कुठे लागली हे शोधायचं असेल तर अप्पांची युक्ती वापरा. जुन्या प्रिंटवर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो, आणि काही सेकंदांनी दुसरा. पहिल्या ठिपक्याला पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला चित्र त्या मशीनवर बदलायचं, हे ऑपरेटरसाठी असे. फिल्मचं सगळ्यात जास्त नुकसान रिळांच्या टोकांना व्हायचं, तिथे ती मशीनमध्ये अडकायची, तुटायची, जोडली जायची. त्यामुळे ठिपका दिसला की पुढचं वाक्य मध्येच तुटतंय का, संगीत उडी मारतंय का, ते कान देऊन ऐका. दोन-चार शब्द गेले असतील तर ते त्या प्रिंटचं म्हातारपण आहे, मला ते चालतं. पण नायिका दारात उभी असताना एकदम कोर्टाचा सीन आला, तर ती प्रत मी ठेवत नाही.

रंगवलेल्या प्रतींबद्दल माझं मत पक्कं आहे: मूळ कृष्णधवल मिळत असेल तर तोच दाखवा. ‘मुग़ल-ए-आज़म’ १९६० मध्ये आला तेव्हा १९७ मिनिटांचा होता. बराचसा कृष्णधवल, आणि शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ रंगीत. त्या गाण्याला पडदा एकदम रंगाने भरून जातो, तो धक्का काही वेगळाच आहे. २००४ च्या पूर्ण रंगीत आवृत्तीत तो धक्का उरत नाही, आणि ती सुमारे वीस मिनिटांनी लहानही आहे.

चौकट

साधारण १९५५ पर्यंतचा हिंदी सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो. आजच्या रुंद टीव्हीवर त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. ते पट्टे नकोत म्हणून अपलोड करणारे चित्र मोठं करतात आणि वरून-खालून कापतात. तपासणी सोपी आहे. श्रेयनामावलीत वरची किंवा खालची ओळ अर्धी कापलीय का बघा, मग एखादं नाचाचं गाणं लावा. कॅमेरा मागे असताना नाचणारीची पावलं दिसत नसतील तर प्रत कापलेली आहे. वैजयंतीमालेचा नाच गुडघ्यापर्यंत बघण्यात काय अर्थ आहे? उलटा प्रकारही असतो. ‘कागज़ के फूल’ १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप. तो रुंदच असायला हवा, वर-खाली पट्टे हवेत. टीव्हीभर पसरलेला दिसला तर डावी-उजवी बाजू गेलेली आहे, आणि त्या सिनेमात रिकाम्या स्टुडिओची ती रुंदीच तर बघायची असते.

कुठे शोधायचा

शेमारू, राजश्री, अल्ट्रा अशा कंपन्यांच्या अधिकृत चॅनेलवर आधी बघा. एकाच सिनेमाच्या तीन-चार प्रती सापडतील. ‘एचडी’ लिहिलंय म्हणून भुलू नका, वरच्या कसोट्या सगळ्यांना लावा. इतक्या प्रती का असतात, याचं एक कारण कायद्यात आहे. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे १९६० च्या सिनेमाचा २०२० च्या अखेरीस संपला. गीतकार-संगीतकारांचे हक्क मात्र वेगळे, ते त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतात. घरी बघायला याचा काही संबंध नाही. हॉलमध्ये लोकांना जमवून दाखवायचं असेल तर आधी हक्कदार कंपनीला लिहून विचारा. मी विचारते, आणि उत्तर येईपर्यंत तारीख जाहीर करत नाही.

टेलिग्रामवरच्या फाइलींच्या वाटेला जाऊ नका. जुन्या डीव्हीडी मात्र फेकू नका, कित्येक सिनेमांची सगळ्यात पूर्ण प्रत अजून तिथेच आहे. आठव्या-नवव्या दशकातल्या समांतर सिनेमासाठी एनएफडीसीचं, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचं, नाव शोधा. ‘जाने भी दो यारो’ त्यांचाच, आणि महेश एलकुंचवारांच्या नाटकावर गोविंद निहलानींनी केलेला ‘पार्टी’ही.

मोठ्या पडद्यावर बघायची संधी आली तर बाकी सगळं बाजूला ठेवा. पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. १९६४ मध्ये ते स्थापन झालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं, २०२२ पासून ते एनएफडीसीमध्ये आहे. मुंबईकरांसाठी प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून काम करतेय. शिवाय फिल्म हेरिटेज फाउंडेशनमुळे गेल्या काही वर्षांत जुने सिनेमे पुन्हा थिएटरात लागू लागलेत. राज कपूर यांच्या शताब्दीला, डिसेंबर २०२४ मध्ये, तिकीट शंभर रुपये होतं. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेलेला ‘मंथन’ त्याच संस्थेने दुरुस्त केला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन १९७६ मध्ये उभा केलेला तो सिनेमा जूनमध्ये थिएटरात आला. असे खेळ दोन-तीन दिवसांचेच असतात. बातमी दिसली की त्याच दिवशी तिकीट काढा, उद्यावर टाकू नका.

दाखवताना

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ‘ओरिजिनल’वर ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिच्यामुळे मधुबालाही मालिकेतल्यासारखी दिसते. जुना आवाज एका वाहिनीचा असतो. सराउंड चालू ठेवलं तर संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात, ते बंद करा आणि साधा स्पीकर पडद्याच्या अगदी जवळ ठेवा. ऐकू कमी येणाऱ्यांना पुढची रांग द्या. त्यांना सबटायटल्सपेक्षा जवळचा स्पीकर जास्त उपयोगी पडतो. कारण सबटायटल्स बहुतेकदा इंग्रजी असतात आणि गाण्यांना ती बऱ्याचदा नसतात.

मध्यांतर सिनेमातच ठरलेलं असतं, तिथेच घ्या. अपलोड करणारे ‘मध्यांतर’ची पाटी कापतात, म्हणून आदल्या दिवशी सिनेमा चालवून बघा आणि ती जागा मिनिटासकट लिहून ठेवा. ‘संगम’ आणि ‘मेरा नाम जोकर’ला मध्यांतरं दोन आहेत. तिथे चहा पहिल्याला आणि पोहे दुसऱ्याला ठेवा, नाहीतर पोह्यांच्या बशा आवरेपर्यंत पुढचा अर्धा तास जातो.

आणि एक वही करा. सिनेमाचं नाव, साल, प्रमाणपत्रावरची लांबी, प्रत कुठली, किती मिनिटांची, कोणतं गाणं नाही, मध्यांतर कितव्या मिनिटाला. आमच्या वहीत आता शेजारच्या दोन सोसायट्यांनीही नोंदी करायला सुरुवात केलीय, त्यामुळे एकाने तपासलेली प्रत दुसऱ्याला पुन्हा तपासावी लागत नाही.