बाबांचं लायसन्स रिन्यू करताय? आधी डोळे तपासा

चाळिशीनंतर लायसन्स रिन्यू करायचं म्हणजे फॉर्म वन-ए लागतोच, त्यावर डॉक्टरांचा सही-शिक्का. पंचावन्न उलटली की लायसन्स मिळतं ५ वर्षांचंच, म्हणजे हे दर ५ वर्षांनी आलंच.

काही ठिकाणी डॉक्टर नुसतं तोंडाकडे बघून शिक्का मारतात, पण तसलं सर्टिफिकेट घेऊन काय करणार, गाडी तर आपलेच वडील चालवणार ना! फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की २५ मीटरवरून चांगल्या उजेडात गाडीची नंबर प्लेट दिसते का आणि लाल-हिरवा रंग नीट ओळखता येतो का. हे घरीच करून बघा. सोसायटीत उभ्या गाडीपासून टेपने २५ मीटर मोजा, बाबांना रोजचा चष्मा लावून तिथे उभं करा आणि नंबर वाचायला सांगा, फक्त स्वतःची गाडी नको हं, तो नंबर पाठच असतो.

अडखळले तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रात्री समोरच्या हेडलाइटने फार दिपतं असं म्हणत असतील तर मोतीबिंदू असू शकतो, आणि काचबिंदूत बाजूचं दिसणं हळूहळू कमी होतं पण समोरचं नीट दिसतं म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही, त्यामुळे डोळ्याचं प्रेशरही बघून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, तर येताना गाडी तुम्ही चालवा नाहीतर रिक्षा करा.

मग परिवहनच्या सारथी साइटवर अर्ज करा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते.